गोणीतला युरिया, ट्यूबमधला युरिया

औषधाच्या दुकानात टाचांच्या भेगांसाठी मिळणाऱ्या मलमाची ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली, तर बहुधा एक ओळखीचं नाव सापडतं: युरिया. त्यापुढे 10 टक्के, 12 टक्के, कधी 20 टक्के असा आकडा. शेती असलेल्या घरातला माणूस इथे थबकतो, कारण त्याच्या ओळखीचा युरिया पांढऱ्या दाण्यांचा असतो, गोणीत येतो आणि उसाला पडतो. शाळेतलं जीवशास्त्र लक्षात राहिलेला दुसरा कुणी वेगळ्याच कारणानं थबकतो: लघवीतून बाहेर पडतो तोच ना हा? दोघांचंही बरोबर आहे. गोणीतला, लघवीतला आणि ट्यूबमधला युरिया हा एकच रेणू. कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार, एवढाच त्याचा संसार. आणखी एका ठिकाणी तो असतो, ते मात्र या दोघांच्याही मनात आलेलं नसतं. तुमच्या-माझ्या कातडीच्या अगदी वरच्या थरात तो आत्ता, या क्षणी आहे. तिथे तो कमी पडला की कातडी ओढल्यासारखी होते, पांढुरकी दिसते, नखानं रेघ ओढली तर रेघ उमटते.

प्रसाधनांच्या जाहिरातींत ‘सिंथेटिक’ म्हणजे शिवी आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे ओवी, असा सध्याचा रिवाज आहे. त्या वादात युरियाला कुठे बसवायचं हे कुणालाच नीट जमत नाही. तो कारखान्यात बनतो, नैसर्गिक वायूपासून बनतो, म्हणजे पक्का सिंथेटिक. आणि तो आपल्या कातडीचा मूळचा घटक आहे, म्हणजे त्याच्याइतकं नैसर्गिक दुसरं काही नाही. माझं मत असं की युरियाच्या बाबतीत हा प्रश्नच बिनकामाचा आहे. तो कुठून आला यानं काही ठरत नाही. तो किती आहे यानं सगळं ठरतं, आणि किती म्हणजे अक्षरशः ट्यूबवरचा तो टक्क्यांचा आकडा. पण तिथे पोहोचण्याआधी दोनशे वर्षं मागे जायला हवं, कारण नैसर्गिक आणि कृत्रिम या भांडणाची एक मोठी ठिणगी याच रेणूवरून पडली होती.

लघवीतून हा पदार्थ वेगळा काढून त्याचं वर्णन केलं ते इलेर-मारँ रुएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं, 1773 मध्ये. पुढची पन्नासेक वर्षं युरिया हवा असेल तर लघवी आटवणं हाच मार्ग होता. सजीवांच्या शरीरात सापडणारे पदार्थ सजीवांच्या शरीरातच घडतात, त्यासाठी एक खास ‘जीवनशक्ती’ लागते, असा विचार तेव्हाच्या विद्वानांत चांगलाच रुजलेला होता. 1828 साली बर्लिनच्या एका तंत्रशाळेत शिकवणारा सत्तावीस वर्षांचा फ्रीडरिष व्होलर अमोनियम सायनेट नावाचा क्षार बनवायच्या खटपटीत होता. हाती आले ते पांढरे स्फटिक, आणि ते सायनेटासारखे वागेनात. त्यानं त्यांच्यावर नायट्रिक आम्लाची परीक्षा केली, लघवीतून काढलेल्या युरियाशी ताडून पाहिलं. फरक नव्हता. 22 फेब्रुवारीला त्यानं स्टॉकहोमला, आपले गुरू बर्झेलियस यांना, पत्र लिहून कळवलं की माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावाचून आपल्याला युरिया बनवता येतो.

पाठ्यपुस्तकांत जीवनशक्तीवाद याच दिवशी धराशायी होतो. प्रत्यक्षात विचारांचे असे दिवसाढवळ्या मुडदे पडत नाहीत. व्होलरनं वापरलेले सायनेट ज्या रसायनांपासून येत, ती त्या काळी शिंगं, खूर, रक्त अशा प्राणिज मालातून बनत. म्हणजे ‘जीवनशक्ती’चा अंश कच्च्या मालातून आला असेल, असं म्हणायला जागा होती, आणि ही पळवाट व्होलरच्याही ध्यानात आलेली होती. ती कल्पना पुढे कित्येक दशकं हळूहळू विरत गेली. पण एक गोष्ट त्या प्रयोगानं कायमची दाखवून दिली. मूत्रपिंडाच्या वाटेनं आलेला आणि काचेच्या भांड्यातून आलेला रेणू समोरासमोर ठेवले, तर त्यांना आपलं मूळ आठवत नाही.

व्होलरच्या रीतीनं युरिया चिमूटभरच मिळायचा. तो टनांनी निघू लागला तो जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीच्या कार्ल बॉश आणि विल्हेल्म मायझर यांच्या पद्धतीमुळे. तिचं पेटंट 1922 सालचं. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवायचा. तो कार्बन डायऑक्साइडशी प्रचंड दाबाखाली, 180 ते 190 अंश सेल्सिअसच्या आसपास, एकत्र आणायचा. त्यातून आधी अमोनियम कार्बामेट बनतं, त्यातून पाणी निघून गेलं की युरिया उरतो. अलिबागजवळ थळला आरसीएफचा जो कारखाना आहे, ‘उज्ज्वला’ नावानं ज्याचा युरिया गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत वर्षानुवर्षं दिसायचा, तिथेही मूळ रसायन हेच. जगात वर्षाकाठी कोट्यवधी टन युरिया बनतो. त्यातला बहुतेक शेतात जातो. काही प्लायवूडच्या डिंकात जातो, काही पशुखाद्यात, काही नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात. पेट्रोल पंपावर निळ्या कॅनमधून मिळणारं डीईएफ म्हणजे 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. क्रीम, लोशन, मलमं यांच्या वाट्याला येतो तो या महापुरातला एखादा थेंब.

इथे एक गंमत सांगायला हवी. कारखान्यातला युरिया आणि शरीरातला युरिया ओळखायचाच ठरवला तर एक युक्ती आहे. नैसर्गिक वायू कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेला असल्यानं त्यातला किरणोत्सारी कार्बन-14 कधीच संपून गेलेला असतो. आपल्या शरीरातल्या कार्बनमध्ये तो सूक्ष्म प्रमाणात असतो, कारण तो अन्नावाटे रोज येत राहतो. पुरातत्त्वज्ञांची यंत्रं हा भेद पकडतील. कातडीकडे असलं यंत्र नाही.

आता कातडीकडे वळू. तिचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. तळवा आणि टाच इथे मात्र ती कितीतरी पट जास्त. चपट्या, केराटिन या प्रथिनानं भरलेल्या पेशी कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचे पातळ पदर असतात. मेलेला असला तरी हा थर लवचीक असतो; बोट मिटलं तर फाटत नाही, टाच जमिनीवर आपटली तर तडकत नाही. ही लवचिकता कशामुळे येते? शंभर वर्षांपूर्वी कुणालाही विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, तेलामुळे. तेल लावलं की कातडी मऊ पडते, हा सगळ्यांच्याच अनुभवाचा भाग होता.

अमेरिकेत बॉस्टनला अर्व्हिन ब्लँक यांनी हा समज तपासायचं ठरवलं. त्यांनी पायाच्या घट्ट्याचे, म्हणजे त्या जाड मृत थराचेच, तुकडे घेतले. वाळवले की ते ताठ आणि ठिसूळ होत. मग असे तुकडे निरनिराळ्या तेलांत आणि चरबीयुक्त पदार्थांत ठेवून पाहिले. तुकडे ताठचे ताठच राहिले. पाणी मिळालं तेव्हा ते मऊ झाले. 1952 साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून निघालेला निष्कर्ष आजही पहिल्या धड्यासारखा शिकवला जातो: या थरातलं पाणी साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेलं की तो ठिसूळ होतो, आणि तेल तिथे पाण्याची जागा घेऊ शकत नाही. तेलाचं काम दुसरं आहे. आत असलेलं पाणी उडून जाऊ न देणं.

कोकणात आणि गोव्यात टाचांच्या भेगांवर कोकमाच्या बियांचं तेल लावतात. कुठे त्याला मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल. थंड झालं की घट्ट बसणारं हे तेल किंचित तापवून भेगेत सोडायचं. पण जाणत्या बायका आधी पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवायला लावतात, मग वजरीनं घासायला, आणि त्यानंतर मुठेल. कोरड्या टाचेवर नुसतं मुठेल थापून फारसं साधत नाही. ब्लँक यांच्या घट्ट्याच्या तुकड्यांनी जे सांगितलं ते या क्रमात आधीपासूनच आहे: पाणी आधी, तेल नंतर.

मग प्रश्न उरतो की वाळलेल्या हवेत हा थर स्वतःचं पाणी धरून कसा ठेवतो. भांडी घासून घासून हात कोरडे पडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे पाण्यासोबत काहीतरी धुऊन जात असणार. मृत थरातल्या या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांच्या मिश्रणाचा तपशील 1959 मध्ये याकोबी यांनी मांडला आणि त्याला पुढे ‘नैसर्गिक आर्द्रता घटक’ असं नाव पडलं. प्रसाधनांच्या धंद्यात त्याला एनएमएफ म्हणतात. त्यात साधारण 40 टक्के मोकळी अमिनो आम्लं, प्रत्येकी 12 टक्क्यांच्या आसपास लॅक्टेट आणि पीसीए नावाचा एक अमिनो आम्लाचाच भाऊबंद, आणि सुमारे 7 टक्के युरिया. बाकी क्षार आणि साखरी.

हा युरिया येतो दोन वाटांनी. घामातून थोडा येतो. शिवाय कातडीतच आर्जिनिन या अमिनो आम्लाचं आर्जिनेज हे विकर तुकडे करतं आणि त्यातून युरिया सुटतो. अमिनो आम्लं येतात ती फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या विघटनातून. पेशी वर सरकत सरकत मरते तेव्हा फिलाग्रिनचे तुकडे पडतात आणि पाणी धरणारा माल तयार होतो. काही लोकांच्या फिलाग्रिनच्या जनुकातच खोट असते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की ही खोट इक्थिओसिस या पायांवर खवले धरणाऱ्या विकाराचं मूळ आहे आणि इसबाचा धोकाही तिच्यामुळे वाढतो. अशा कोरड्या, खाजऱ्या त्वचेत युरियाचं प्रमाणही निरोगी त्वचेहून कमी आढळतं. तिथे वरून युरिया लावणं म्हणजे तिच्याकडे असायला हवी होती तीच वस्तू तिला परत देणं.

टाचांचीच एवढी दैना का होते, याचंही उत्तर रचनेत आहे. तळहात आणि तळपाय इथे तैलग्रंथी नसतात. घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाची एकही नाही. वरून थर जाड, त्यावर सगळ्या शरीराचा भार, पायात मागून उघडी चप्पल. सोलापूरच्या किंवा मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात टाचा फाटतात आणि मुंबईत त्या मानानं कमी फाटतात, यात नवल काही नाही.

युरिया नेमकं करतो काय? नेहमीचं उत्तर असं की तो हवेतलं पाणी ओढून घेतो. जाहिरातींना हे उत्तर आवडतं. ते अर्धवट आहे. हिवाळ्यातल्या दुपारी हवेत ओढण्याजोगं पाणी असतंच किती? पाणी ओढण्याचं काम होतं ते बरंचसं कातडीच्या आतल्या, ओल्या थरांकडून वर. आणि याहून महत्त्वाचं काम निराळंच आहे. युरियाचा रेणू लहान आहे, पाण्याच्या रेणूशी आणि प्रथिनांशी हायड्रोजन बंधानं सहज जोडला जाणारा आहे, आणि तो पाण्यासारखा उडून जात नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात झालेल्या अभ्यासांतून असं दिसलं की कातडी कोरडी पडू लागली तरी युरिया किंवा ग्लिसरीन तिच्यात असेल तर केराटिन आणि स्निग्ध पदर ओल्या कातडीत असतात तसे हलते-लवते राहतात. पाणी निघून गेल्यावर त्याची थोडी गादी युरिया चालवतो, असं म्हटलं तरी चालेल.

आणि हाच गुण वाढत गेला की त्याचं रूप पालटतं. प्रथिनांची घडी टिकून असते ती अशाच हायड्रोजन बंधांवर आणि पाण्याला टाळून आत लपलेल्या भागांवर. युरिया भरपूर प्रमाणात आला की तो त्या घडीत शिरतो आणि ती उलगडतो. प्रयोगशाळेत प्रथिन उलगडायचं असेल तर लिटरला 480 ग्रॅम युरिया घातलेलं द्रावण हे ठरलेलं हत्यार आहे. अमेरिकेतल्या ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी याच हत्यारानं रायबोन्यूक्लिएज हे विकर पार मोकळं करून, मग युरिया काढून घेतल्यावर ते आपोआप पुन्हा जागच्या जागी घडी घालतं हे दाखवलं. त्यांना 1972 चं नोबेल मिळालं ते या मालिकेतल्या कामासाठी. केराटिन हेही प्रथिनच. म्हणजे पाणी धरणं आणि कातडी सैल करून सोलणं ही युरियाची दोन वेगळी कामं नव्हेत. काम एकच, मात्रा वेगळी.

ट्यूबवरचा आकडा आता वाचता येईल. 10 टक्क्यांपर्यंतचा युरिया मुख्यतः ओलावा धरतो. 5 टक्क्यांचं लोशन हातापायांना रोज चालतं. 10 च्या पुढे, 20 ते 30 टक्क्यांपर्यंत, तो मृत पेशींमधली पकड ढिली करू लागतो. कोपर, गुडघे, घट्टे, टाचा अशा जाड जागांसाठी हा पट्टा. आणि 40 टक्के? तो नख विरघळवतो म्हटलं तर अतिशयोक्ती थोडीच. युजीन फार्बर आणि साउथ या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी 1978 मध्ये, बुरशीनं किंवा अन्य विकारानं बिघडलेलं नख शस्त्रक्रियेशिवाय काढण्यासाठी, युरियाचं तीव्र मलम पट्टीखाली बांधून ठेवायची पद्धत प्रसिद्ध केली. काही दिवसांत नख मऊ पडतं आणि बोथट हत्यारानं उचलून निघतं. आजही बुरशीच्या औषधासोबत 40 टक्के युरिया वापरतात. अन्फिन्सेन यांच्या द्रावणातल्या 480 ग्रॅमच्या शेजारी 40 टक्के हा आकडा ठेवून पाहा. दोन्ही एकाच आळीतले आहेत. कुणी हे मलम ‘जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं’ अशा समजुतीनं गालावर चोपडलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

त्वचेच्या औषधांत युरिया आला कसा, ही कहाणी थोडी किळसवाणी आहे, पण सांगण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत चिघळलेल्या जखमांत मुद्दाम अळ्या सोडून त्या बऱ्या करण्याची पद्धत काही काळ गाजली. अळ्या सडका भाग खातात हे तर दिसत होतं; पण त्यांच्या स्रावात जखम भरून आणणारं काय असतं, हे शोधताना विल्यम रॉबिन्सन यांना अ‍ॅलंटॉइन आणि युरिया हे पदार्थ हाती लागले. 1936 मध्ये त्यांनी जुनाट, पू धरलेल्या जखमांवर युरियाचा वापर सुचवला. 1943 मध्ये शिकागोच्या हर्बर्ट रॅटनर यांनी हाताच्या क्रीममध्ये युरिया घालण्यावर लिहिलं. खरी प्रतिष्ठा मिळाली ती 1968 मध्ये, स्वीडनच्या गुन्नार स्वानबेक यांनी इक्थिओसिसच्या रुग्णांवर युरियाचं क्रीम वापरून दाखवलं तेव्हा. त्यानंतर तो त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर जो आला तो अजून हटलेला नाही. आणि 2012 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या एका गटानं असं दाखवलं की युरिया वरच्या मृत थरावरच थांबत नाही. खालच्या जिवंत पेशींत तो खास वाहक प्रथिनांच्या मदतीनं शिरतो आणि फिलाग्रिनसारख्या प्रथिनांची निर्मिती वाढवण्याचा निरोप त्यांच्या जनुकांना देतो. जेमतेम साठ रेणुभाराचा, इतका साधा रेणू निरोप्याचंही काम करत असेल असं आधी कुणाला वाटलं नव्हतं.

एवढे गुण असून युरियाला बाजारात रूप का नाही? चेहऱ्याच्या महागड्या सीरमवर हायालुरोनिक आम्लाचं नाव सोनेरी अक्षरांत झळकतं. युरिया मागच्या बाजूला, टाचेच्या मलमावर. एक कारण नाव. दुसरं, तो फार स्वस्त आहे, आणि प्रसाधनांच्या जगात स्वस्त वस्तूला गोष्ट चिकटवणं अवघड जातं. अनुदानामुळे युरियाची 45 किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. त्या भावानं 100 ग्रॅमच्या, 10 टक्के युरियाच्या ट्यूबमध्ये जेमतेम सहा पैशांचा युरिया असतो. तिसरं कारण मात्र खरोखरीचं आहे: बनवणाऱ्याला तो त्रास देतो.

हा त्रास मालवणी माणसाला न शिकता कळेल. मोरी, म्हणजे लहान शार्क, बाजारातून आणायची ती ताजीच, नाहीतर तिला उग्र, नाक झोंबणारा वास सुटतो. शार्क समुद्राच्या खारटपणाशी मेळ राखण्यासाठी अंगात युरिया साठवते, रक्तात साधारण दोन टक्क्यांपर्यंत. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. (जिवंतपणी एवढ्या युरियात शार्कची स्वतःची प्रथिनं उलगडत कशी नाहीत? त्यासाठी ती दुसरं एक रसायन सोबत बाळगते, जे युरियाचा हा गुण मारतं.) क्रीममधला युरिया जिवाणूंवाचूनही सावकाश तुटतो. पाणी, उष्णता आणि वेळ पुरे. अमोनिया सुटतो, क्रीम अल्कधर्मी होत जातं, आणि निरोगी त्वचा तर किंचित आम्लधर्मी असते. म्हणून कारखान्यात युरिया गरम मिश्रणात न टाकता ते निवल्यावर घालतात आणि सोबत लॅक्टिक आम्लासारखं काहीतरी, आम्लता सांभाळायला. हे लॅक्टिक आम्ल आपल्या आर्द्रता घटकातल्या लॅक्टेटचंच रूप असल्यानं एका दगडात दोन पक्षी. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या ट्यूबला मोरीसारखा वास आला तर ती फेकून द्यावी.

या त्रासावर तोड म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी हायड्रॉक्सीएथिल युरिया बनवला. हा मात्र सिंथेटिक या शब्दाचा पूर्ण मान राखणारा. युरियाच्या एका टोकाला दोन कार्बनांची छोटी शेपटी जोडलेली. त्वचेत हा मुळात नसतो. ओलावा धरण्यात तो ग्लिसरीनच्या तोडीचा, चिकटपणा कमी, आणि टिकतो चांगला. म्हणून हलक्या लोशनांत आणि चेहऱ्याच्या क्रीममध्ये दिसतो. थर सोलायच्या कामाची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये. त्याच कपाटात इमिडाझोलिडिनिल युरिया आणि डायाझोलिडिनिल युरिया अशी दोन लांबलचक नावंही भेटतात. ही दोन्ही क्रीम टिकवण्यासाठी घातलेली परिरक्षकं आहेत. ती थोडा थोडा फॉर्मल्डिहाइड सोडतात, आणि काही जणांना त्याची अ‍ॅलर्जी असते. आडनाव सारखं म्हणून त्यांना ओलावा देणारे समजू नये, आणि त्यांच्यामुळे साध्या युरियाला भिऊ नये.

भीतीचं आणखी एक रूप: एवढा युरिया अंगावर लावला तर तो रक्तात जाऊन मूत्रपिंडांना त्रास होईल का? मोठ्या माणसाचं शरीर दिवसाला 20 ते 30 ग्रॅम युरिया लघवीवाटे टाकत असतं. त्यापुढे टाचेवर लावलेल्या दोन ग्रॅम मलमातला पाव ग्रॅमही युरिया काहीच नाही. तान्ह्या बाळांचं गणित वेगळं. त्यांची कातडी पातळ आणि अंगाच्या मानानं तिचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. सहा पैशांचा हिशेब वाचून कुणाला खताचेच दाणे पाण्यात विरघळवायचा मोह झाला, तर तोही आवरावा. खतात बाययुरेटसारखे अवशेष असतात, 2015 पासून आपल्याकडच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, आणि आम्लता सांभाळणारं त्यात काही नसतं.

वापरताना काही गोष्टी पाळाव्यात. उघड्या, रक्त दिसणाऱ्या भेगेत युरिया झोंबतो. ती आधी साध्या पेट्रोलियम जेलीनं किंवा मुठेलानं चार-सहा दिवस मिटू द्यावी. मग पाय धुऊन, टिपून, कातडी किंचित ओली असतानाच युरियाचं क्रीम, आणि हवं तर त्यावर तेलाचा हात. युरिया दुसऱ्या औषधांनाही आत शिरायला वाट करून देतो. स्टेरॉइडच्या मलमांत डॉक्टर याचा मुद्दाम उपयोग करतात, पण घरच्या घरी त्याच जागी सॅलिसिलिक आम्ल किंवा रेटिनॉल लावू नये. मधुमेहात नसा कमजोर झाल्या की पायाला घाम येत नाही, कातडी वाळते आणि भेगा दुखतही नाहीत. अशा पायांवर युरियाचं क्रीम डॉक्टर आवर्जून देतात, मात्र तिथे वजरी वापरायची नाही आणि बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावायचं नाही, कारण तिथे ओल साचून बुरशी धरते.

फरक दिसायला वेळ लागतो. मऊपणा पहिल्या दोन-तीन दिवसांतच जाणवतो, पण तो थरातल्या पाण्याचा. अंगावर इतरत्र मृत थर बदलायला दोनेक आठवडे लागतात. टाचेचा थर जाड असल्यानं तिथे महिना धरून चालावं.